झाकलेला काटा

३ फेब्रुवारी

चि. भावजी,

अनेक आशीर्वाद.

तुमचं पत्र परवा मिळालं. आधी नेहमीचं लिहून टाकते. मी बरी आहे. थंडीत गुडघा कुरकुरतो, चष्म्याचा नंबर वाढलाय, पण सुईत दोरा अजून माझा मीच ओवते. शिवणाच्या कारखान्यात सध्या पुन्हा दवाखान्याच्या एप्रनांचं काम आलंय, दिवसभर पांढरं कापड बघून डोळे दिपतात. तुम्ही सगळे खुशाल असाल, असं पुढे लिहिणार होते. पण तुमच्या पत्रात साखर निघाल्याची बातमी, तेव्हा ते वाक्य कुठल्या तोंडाने लिहू?

बेचाळिसाव्या वर्षीच? मी या घरात आले तेव्हा तुम्ही नववीत होता आणि डब्यातली साखर मुठीने खायचात. डबा वरच्या फळीवर ठेवला तर खुर्चीवर स्टूल ठेवून चढायचात. चढायला शिकवलं यांनीच, हे मला फार उशिरा कळलं. दोघे भाऊ असे, की एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं. "दादाची गादी चालवतोय" असं तुम्ही लिहिलंय. असले विनोद मला पाठवू नका.

मी फोन उचलत नाही म्हणून माझी धाकटी जाऊ रुसली आहे, हे कळलं. तिला सांगा, मनावर घेऊ नकोस. फोन घरात आहे, वाजतोही. पण हल्ली मला फोनवर बोलणं जमत नाही. पत्र बरं असतं, चुकलं तर खोडता येतं.

तर तुम्हाला दादाचा तक्ता हवाय. सोबत जोडला आहे. भिंतीवर लावायला मी स्वच्छ अक्षरात उतरवून काढला होता तोच. त्यात सगळं आहे, तरी पुन्हा सांगते. सकाळी आठला दोन उकडलेली अंडी आणि काकडी. दुपारी एकला शंभर ग्रॅम भात, वाटीभर डाळ, भाजी हवी तेवढी, पण बटाटा नाही. चारला मूठभर शेंगदाणे. रात्री आठला सूप, भाजी आणि पावाचा एकच तुकडा. साखर, बिस्किटं, सरबतं बंद. भात शिजल्यावर तोलायचा. नुसत्या डोळ्याच्या अंदाजाने वाढायचं नाही, डोळा पोटाच्या बाजूने साक्ष देतो.

साडेसात महिन्यांत यांचं चौदा किलो उतरलं, ते तुम्ही पाहिलंतच. उपाशीपोटीची साखर दोनशेच्या वरून शंभराच्या आत आली. कारखान्यातल्या बायका यांना बघून मला विचारायच्या, "नवीन केला की काय?" यांच्या विजारी मी तीनदा कमरेत आत घेतल्या. पहिल्या दोन वेळा दोन बोटं माया ठेवली, पुन्हा सुटले तर उसवता यावं म्हणून. तिसऱ्या वेळी ती कापूनच टाकली. आता हा माणूस परत फुगत नाही, असं मी यांना तोंडावर सांगितलं. "तू मला गुंडाळून ठेवणार एक दिवस, उरलेल्या कापडासारखा," हे म्हणाले आणि हसले.

तुम्ही दादाचा काटाही मागितलाय. तो पाठवत नाही. बिघडलाय. हसाल, आयुष्यभर लोकांचे वजनकाटे दुरुस्त केलेल्या माणसाच्या घरात बिघडलेला काटा! पण दिव्याखाली अंधार असतोच. तुम्ही नवीनच घ्या, छोटा स्प्रिंगचा मिळतो.

काट्यावरून आठवलं. आपण कुठेही पाहुणे म्हणून गेलो तरी यांचा हात आधी त्या घरच्या काट्याकडे जायचा. वजनांची पेटी बरोबर असायचीच. काटा तपासायचे, मग उलटा करून खाली चिठ्ठी चिकटवायचे. तारीख, काटा किती चुकतो, सही, आणि शेवटी एक शब्द: "चालेल", नाहीतर "वापरू नये". तुमच्या लग्नाची बोलणी चालू असताना तुमच्या होणाऱ्या सासऱ्यांच्या दुकानातल्या काट्याला "वापरू नये" लावून आले होते. दोन ग्रॅमसाठी! लग्न मोडतंय की काय म्हणून तुमचा चेहरा एवढुसा झाला होता. "दोन ग्रॅम म्हणजे दोन ग्रॅम," एवढंच म्हणत राहिले.

कपाटाच्या दाराचं विचारलंत. ते अजून तसंच एका बिजागरीवर लोंबतंय. सुतार बोलावीन सवडीने. घाई काही नाही, आत नुसतं कापड आहे.

धाकटीला आणि मुलीला आशीर्वाद.

तुमची
वहिनी

ता. क. तक्ता सुरू करण्याआधी तुमच्या डॉक्टरांना दाखवा. विसरू नका.


२ मार्च

चि. भावजी,

अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. मी बरी आहे. तीन आठवड्यांत पाच किलो म्हणजे फारच झालं. तुम्हाला वाटतं मी शाबासकी देईन. नाही देत.

तक्ता डॉक्टरांना दाखवला नाहीत. ते रजेवर आहेत, पुढच्या महिन्यात भेटतील, गोळ्या आधीच्याच चालू आहेत, असं तुम्ही लिहिता. आणि वर, "दादाला जमलं ते मला का जमू नये?" भावजी, तुम्ही लोकांना गाडी चालवायला शिकवता. शिकाऊ माणूस ब्रेक कुठे आहे ते न बघता गाडी सुरू करायला लागला तर तुम्ही काय म्हणाल?

अकराच्या सुमारास हात थरथरतात, घाम येतो, उगीच चिडचिड होते, आणि परवा शिकवताना डावं कुठलं, उजवं कुठलं तेच सुचेना, शेवटी त्या शिकाऊ मुलीनेच गाडी बाजूला घेतली. हे तुम्ही गंमत म्हणून लिहिलंत. मी ते चार वेळा वाचलं. मला त्यात गंमत सापडली नाही.

दादालाही असं व्हायचं का, असं विचारता. व्हायचं थोडंफार.

अकराला एखादं फळ खात जा. तक्त्यात नाही, तरी खा. केळं खा, सफरचंद खा. आणि धाकटीने साखरेचा डबा कुलपात टाकला, "अगदी वहिनींसारखं", तर तिला म्हणावं, कुलूप काढ. माझ्यासारखं काही करायला जाऊ नको. तुम्ही काय आता नववीत आहात?

काटा कितीही बिघडलेला असला तरी पाठवा, मी दुरुस्त करून घेतो, असं लिहिलंत. राहू द्या. मी त्याला कापडी झाकण शिवलं होतं, धूळ बसू नये म्हणून. त्या झाकणासकट तो माळ्यावर आहे. मला आता माळ्यावर चढवत नाही.

अजून लिहायचं होतं. पण कारखान्याची वेळ झाली.

तुमची
वहिनी


१७ मार्च

भावजी,

आज वर आशीर्वाद लिहिले नाहीत. राहून गेलेले नाहीत.

काल चौदा महिन्यांनी मी फोन हातात घेतला आणि धाकटीला चार गोष्टी सांगितल्या. कुलूप काढ. रोज अकराला फळ दे. डॉक्टर रजेवर असतील तर उद्याच्या उद्या दुसऱ्या डॉक्टरांकडे ने आणि गोळी कमी करायची का विचार. तोवर भावजींना गाडीवर पाठवू नको. ती हो हो म्हणत होती, आणि मागून तुमचा आवाज आला. तुम्ही हसत होता. "वहिनी घाबरट झाली गं. दादाचं चौदा किलो उतरलं, त्याला कुठे काय झालं? त्याचं हृदय गेलं, त्याला साखर काय करणार?"

मी फोन ठेवला. रात्र तशीच गेली. आज रजा टाकून शिवणाच्या टेबलावर लिहायला बसले आहे, खिडकीतून भरपूर ऊन येतंय आणि मला खोडाखोड करायची नाही.

भावजी, तुमच्या दादांचं हृदय गेलं नाही. म्हणजे शेवटी गेलं, शेवटी सगळ्यांचं तेच जातं, आणि त्या एका शब्दाच्या आडोशाला मी चौदा महिने उभी आहे.

या पत्राबरोबर एक जुना कागद आहे, घड्या पडलेला. तो डॉक्टरांनी स्वतः लिहून दिलेला तक्ता. माझ्या प्रतीशेजारी ठेवून बघा. सकाळी आठ आणि दुपारी एक यांच्यामध्ये एक ओळ आहे: "अकरा वाजता, एक फळ आणि पावाचा एक तुकडा. चुकवू नये." खाली लाल शाईची दुहेरी रेघ आहे. माझ्या प्रतीत ती ओळ नाही. उतरवताना नजरचूक झाली नाही. मी ती गाळली.

डॉक्टरांनी आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं होतं. "गोळी मी या तक्त्यावर बेतली आहे. खाणं कमी करावंसं वाटलं तर आधी मला सांगा, मी गोळी कमी करीन. गोळी तेवढीच आणि खाणं कमी, असं झालं तर साखर एकदम खाली जाईल. ती वर जाण्यापेक्षा ते वाईट. घाम आला, हात थरथरले, बोलणं अडखळलं, तर आधी साखर द्यायची, मग चौकशी." मी शिवणकाम करणारी बाई. बेतणं म्हणजे काय ते मला कुणी शिकवायला नको होतं. माप बदललं की कपडा नव्याने बेतावा लागतो.

पण पहिल्या महिन्यात तीन किलो उतरले आणि मला हाव सुटली. होय, हावच. यांना खाण्याची असेल, मला उतरवण्याची होती. माझ्या वडिलांचा पाय तुम्हाला ठाऊक नाही. साखरेने आधी अंगठा घेतला, मग पाऊल, मग गुडघ्यापर्यंत. मी सतरा वर्षांची होते, बँडेज मी बदलायची. ते पाहिलेल्या बाईला मध्ये एक फळ आणि पावाचा तुकडा म्हणजे चैन वाटते. मी यांना सांगितलं, "अकराचं डॉक्टरांनी बंद केलंय आता." यांनी विश्वास ठेवला. डॉक्टरांनी दर महिन्याला विचारलं, "सगळं तक्त्याप्रमाणे ना?" मी मान डोलावली. आकडे बघून ते म्हणायचे, "तुमच्यासारखी बायको सगळ्यांना मिळो." मी कारखान्यात जाऊन हे वाक्य काज-बटणाच्या बाईपासून वॉचमनपर्यंत सगळ्यांना ऐकवलं.

मग काटा. तो बिघडलेला नाही, मी तुमच्याशी खोटं बोलले. पडद्याची खालची कड झुलू नये म्हणून तिच्यात शिशाच्या चकत्या शिवतात, वीस-वीस ग्रॅमच्या. तसल्या दोन मी काट्याच्या ताटलीला खालून चिकटवल्या. रिकामा असतानाच काटा चाळीस दाखवायचा. साठ ग्रॅम भात घातला की शंभर. रिकामा काटा मी यांच्या नजरेला पडू देत नव्हते. त्याच्यासाठीच ते झाकण शिवलं. धुळीचं निमित्त होतं. भात घालूनच मी काटा यांच्यापुढे सरकवायची आणि म्हणायची, "बघा, पूर्ण शंभर आहे. माझ्या नावाने ओरडू नका." हे बघायचे आणि जेवायचे.

भूक लागायचीच, नाही का लागणार? साखर चोरायला लागले. एकदा वजनांच्या पेटीत, पितळी वजनांच्या मधल्या खाचेत, कागदाच्या पुडीत साखर सापडली. एकदा खुर्चीत मान टाकून, कपाळाला हात लावून म्हणाले, "अगं, गरगरतंय." मी धावत जाऊन दोन बिस्किटं दिली. ती खाऊन झाल्यावर यांनी डोळा मारला! आम्ही दोघं पोट धरून हसलो. पण दुसऱ्या दिवशी मी साखर, बिस्किटं, फळं, सगळं गोड लोखंडी कपाटात कापडाच्या गठ्ठ्यांमागे टाकलं आणि कुलूप लावलं. किल्ली माझ्या मापाच्या टेपच्या पिशवीत. ती पिशवी माझ्याबरोबर कारखान्यात जायची.

त्या दिवशी हे घरीच होते. आठवडाभर अंगात त्राण नव्हतं. "वजन उतरतंय ना, सवय व्हायला वेळ लागतो," असं मीच म्हणत होते. सकाळी आठला गोळी आणि दोन अंडी. मी कामाला गेले.

अकरा वाजून वीस मिनिटांनी फोन आला. मी मशीनवर होते. हे म्हणाले, "किल्ली कुठे आहे?" आवाज जड होता, शब्द चिकटल्यासारखे. मी म्हटलं, "कसली किल्ली?" पुन्हा तेच, "किल्ली कुठे आहे?" मला वाटलं, नाटक. डोळा मारलेला आठवला आणि मला हसू आलं, रागही आला, शेजारच्या बायका ऐकत होत्या. मी म्हटलं, "पाणी प्या आणि पडून राहा. एकला येते मी जेवायला." आणि फोन ठेवला. काज-बटणाच्या बाईने विचारलं, काय झालं. मी म्हटलं, "जित्याची खोड." पुढचं मी बोलले नाही. पुढचं तुम्हाला माहीत आहे.

फोन आणखी दोनदा वाजला. मी तो एप्रनांच्या ढिगाखाली सरकवला.

एकला घरी गेले तर हे कपाटासमोर जमिनीवर होते. अंग घामाने भिजून गार. हातात स्क्रूड्रायव्हर. कपाटाच्या दाराच्या वरच्या बिजागरीचे सगळे स्क्रू काढून शेजारी बशीत ठेवले होते, एकही हरवू नये म्हणून, नेहमी ठेवायचे तसे. खालच्या बिजागरीचा एक निघाला होता. शेजारी का गेले नाहीत, मी हे किती वेळा मनात विचारलं. डॉक्टर म्हणाले, त्या वेळी डोकं चालत नाही. हात तेवढे सवयीने चालले. तुम्ही आलात तेव्हा म्हणालात ना, "वहिनी, दार लोंबतंय, मी बसवून देतो"? मी केवढ्याने ओरडले होते तुमच्यावर, आठवतं?

दवाखान्यात साखर मोजली. नर्सने दोनदा मोजली, यंत्र चुकतंय असं वाटून. सलाईनमधून ती वर आणली, पण हे जागे झाले नाहीत. तिसऱ्या दिवशी गेले. डॉक्टर माझ्याजवळ येऊन बसले आणि म्हणाले, "गोळी मी कमी करायला हवी होती. माझा अंदाज चुकला." त्यांचे डोळे भरले होते. मी त्यांना सांगू शकत होते. मी म्हटलं, "तुमचा काय दोष." आणि नातेवाइकांना फोनवर एकच सांगितलं, हृदय बंद पडलं.

तुम्ही आलात, माझे पाय धरलेत आणि म्हणालात, "वहिनी, तू केलंस ते कुणी केलं नसतं." एरवी तुम्ही मला अहो-जाहो करता. त्या दिवशी "तू" म्हणालात. भावजी, ते वाक्य मी रोज ऐकते. ते खरंच आहे. कुणी केलं नसतं.

आणि एवढं होऊन, तुम्ही तक्ता मागितलात तेव्हा दोन्ही कागद माझ्यासमोर होते. डॉक्टरांचा पाठवला असता तर तुम्ही लाल रेघ बघून विचारलं असतं, मग दादाच्या भिंतीवरच्या तक्त्यात ही ओळ का नव्हती? म्हणून मी माझा पाठवला. एकाला खाऊन माझ्या लाजेचं पोट भरलं नव्हतं. तुमचे हात अकराला थरथरतात ते माझ्या अक्षरामुळे.

आता एकच राहिलं, आणि ते लिहायला मला सकाळपासून चार वाजले.

हे गेल्यावर दोन महिन्यांनी मी त्या चकत्या काढायला बसले. पुरावा नष्ट करायला म्हणा. झाकण काढलं, काटा उलटा केला. शिशाच्या दोन चकत्यांच्या शेजारी यांची चिठ्ठी होती. व्यवस्थित कापलेली, चारी कोपरे चिकटवलेली. तारीख त्या दिवसाच्या एकोणीस दिवस आधीची. "चाळीस ग्रॅम जास्त दाखवतो." खाली सही. आणि सहीखाली, "चालेल."

दोन ग्रॅमसाठी ज्या माणसाने धाकट्या भावाचं लग्न पणाला लावलं, त्याने हे लिहिलं. भाताचं ताट बघितल्याबरोबर यांना कळलं असणार, पहिल्याच दिवशी. चकत्या माझ्या, हेही कळलं असणार. एक शब्द बोलले नाहीत. मी पुढे सरकवायची, पूर्ण शंभर म्हणायची, आणि हे जेवायचे.

का, ते मला माहीत नाही. मी वडिलांच्या पायाची गोष्ट यांना सांगितली होती, म्हणून असेल. मी कारखान्यातून आनंदाने घरी यायची, म्हणून असेल. मला त्यांचा राग येतो, भावजी, खूप येतो. बोलले असते तर मी आदळआपट केली असती, दोन दिवस अबोला धरला असता, पण चकत्या काढल्या असत्या. मला सांभाळून घेता घेता ते गेले. मग रडू येतं, आणि मग पुन्हा राग.

म्हणून तुम्हाला सांगते, कुणाला सांभाळून घेऊ नका. ना धाकटीला, ना मला. भूक लागली तर लागली म्हणा, थरथरलं तर ओरडून सांगा. साखर कमी खाणं चांगलंच आहे, वजन उतरवणंही चांगलं आहे, मी त्याच्या विरोधात नाही. पण डॉक्टरांना सांगून, गोळी जुळवून, आणि खऱ्या काट्यावर. हे पत्र धाकटीला वाचून दाखवा. सगळं. डॉक्टरांना मी उद्या जाऊन सांगणार आहे. त्यांनीही चौदा महिने माझं ओझं वाहिलं आहे.

काटा वेगळ्या पार्सलने पाठवते. माळ्यावर नव्हता तो, इथेच टेबलाखाली होता. चकत्या काढल्या आहेत. चिठ्ठी ठेवली आहे, ती तुमच्या भावाची आहे. रोज भात घालण्याआधी रिकामा काटा शून्यावर आहे का ते बघा. झाकण पाठवत नाही.

उत्तर द्या म्हणायचा हक्क मला नाही. एकच ओळ आली तर पुरे: साखरेचा डबा उघड्यावर ठेवला. माझ्याशी बोलायचं नसेल तर धाकटीला सांगा, तिने फोन करावा. आता मी उचलीन, पहिल्या घंटीला.

खाली काय लिहू? वहिनी म्हणायचं की नाही, ते आता तुम्ही ठरवा.

किल्ली जिच्याजवळ होती,
ती